धारेवर मधाचा रंग

पट्टी निघाली तेव्हा सारजाबाईला उजव्या डोळ्यानं पहिल्यांदा दिसलं ते स्वतःच्या मांडीवरचं लुगडं, आणि ते पांढरंशुभ्र होतं.

हे लुगडं सुनेनं, राजनंदिनीनं, खास दवाखान्यात जायचं म्हणून आणलेलं. घडी मोडतानाच सारजाबाईनं तिला सुनावलं होतं, की दुकानात ह्या मळकट पिवळ्याशिवाय दुसरं काही मिळालं नाही का. राजनंदिनीनं फक्त घडी पुन्हा नीट करून पिशवीत ठेवली होती. सारजाबाईनं उजवा डोळा मिटला आणि अजून ऑपरेशन व्हायचं बाकी असलेल्या डाव्या डोळ्यानं पाहिलं. लुगडं पिवळं झालं, मधात बुडवून काढल्यासारखं. डावा मिटून उजवा उघडला. पुन्हा दुधासारखं पांढरं.

"नवा डोळा हाय मावशी, जरा दमानं वापरा," शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली.

सारजाबाई हसली आणि हसता हसता थांबली. मधाचा रंग. आठ दिवसांपूर्वी संध्याकाळी तिनं हाच रंग एका सुऱ्याच्या धारेवर पाहिला होता. त्या रंगावर भरवसा ठेवून तिनं पातं विस्तवावरून उचललं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सुरा अक्षताच्या हातात दिला होता. रंग सुऱ्यावर नव्हताच. तिच्या डोळ्यात होता.

मुलगा कल्याण गोळ्या घेऊन आला तेव्हा ती खाटेवरून पाय खाली सोडून बसली होती.

"कल्याण, मला जल्दी अक्षताकडं घेऊन चल."

"कोण अक्षता? राजानंद सरांची? ती तिकडं भोकरदनच्या डोंगरात हाय माय. डॉक्टरनं धुळीत जाऊ नका म्हणून सांगितलंय."

"काळा चष्मा दिलाय ना त्यानं? मंग तो धुळीसाठीच दिला असंल."

कल्याण जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात कामाला. आठवडाभर तिथंच खोलीवर राहायचा आणि रविवारी तीर्थपुरीला घरी जायचा. आईला दवाखान्यातून खोलीवर नेऊन दोन दिवस आराम करू द्यायचा, असं त्यानं ठरवलं होतं. पण आईच्या आवाजात आता लहानपणीचा ठोका होता. त्या ठोक्यानंतर वाद घालायचा नसतो, हे लोहाराच्या घरात रांगणाऱ्या पोरालाही कळतं.

अक्षता म्हणजे राजानंद सरांची धाकटी लेक. सरांचं घर सारजाबाईच्या भट्टीपासून चार घरं पलीकडं, त्यामुळे ही पोर ऐरणीच्या ठोक्यावरच चालायला शिकली, असं सारजाबाई सगळ्यांना सांगायची. दीड वर्षापूर्वी ती वनरक्षक झाली. अजिंठ्याच्या डोंगराचे पाय जिथं सुरू होतात तिथं तिला चौकी मिळाली. पंधरा दिवसांपूर्वी ती सुट्टीवर गावी आली, ती घरी जायच्या आधी भट्टीवर. पिशवीतून दोन तुकडे काढून तिनं ऐरणीवर मांडले. मोबाइलवरून मागवलेला चाकू होता तो. काळाकुट्ट, पाठीला करवतीचे दात, मुठीच्या बुडाला होकायंत्र. ओंडका फोडताना मुठीपाशीच मोडलेला.

"होकायंत्र शाबूत हाय का?" सारजाबाईनं विचारलं.

"आहे की."

"मंग बरंय. चाकू न्हाई ऱ्हायला तरी कुण्या दिशेला पळायचं ते कळंल तुला."

मागं कोळसा फोडत बसलेली राजनंदिनी पदरात हसली. अक्षताही हसली, पण लगेच म्हणाली, "आजी, घरात तुमच्या हातचा कोयता आहे. आमच्या आजोबांनी माझ्या जन्माच्या आधी घेतलेला. तसा सुरा करून द्या मला. दिसायला कसाही असू द्या."

सारजाबाईनं मोडका चाकू उचलून मुठीत डोकावून पाहिलं. मूठ पोकळ होती आणि पातं तिच्यात जेमतेम दोन बोटं शिरलेलं.

"मूळ नसलेलं झाड हे. पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलं पाहिजे, एका लोखंडाचं. वरून दोन्ही बाजूंनी लाकूड बसवायचं. लाकूड फुटलं तर चिंध्या गुंडाळूनबी चालवता येतं. अन् हे दात कशाला? करवत लागली तर करवत घ्यावी मानसानं. करवत लाकूड कापती म्हणून कुणी तिनं दाढी करतं का?"

मग तिनं अक्षताला तळहात पसरायला लावला आणि सुतळीनं मोजला. चार बोटांची रुंदी, मूठ वळल्यावरचा घेर, अंगठा कुठं टेकतो ती जागा. सुतळीला गाठी मारून ठेवल्या.

"आधी हात, मंग मूठ, अन् मूठ ठरली का मंग पातं. दुकानवाला उलटं करतो. काय काय काम पडतं तुला?"

"उन्हाळा लागला की जाळरेषा काढाव्या लागतात आजी. वणवा पुढं सरकू नये म्हणून गवत-काटक्या साफ करून पट्टा मोकळा करायचा. फांद्या छाटायच्या, सरपण फोडायचं. शिकारी लोक तारेचे फासे लावतात, ते काढायचे. भाजी चिरायची." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि मजूर गावात गेले की मी एकटीच असते चौकीत. उशाशी असला म्हणजे बरं वाटतं."

हे शेवटचं सारजाबाईनं ऐकलं आणि वर पाहिलं नाही. पण सुरा कुठल्या लोखंडाचा करायचा ते तिथंच ठरलं. ट्रकच्या कमानीचा पाटा. कल्याण रविवारी म्हणाला होता, की कारखान्यातून सळईचा चांगला तुकडा आणून देतो. सारजाबाईनं त्याला हातानंच गप्प केलं. सळई घर बांधायला. तिनं वाकलंच पाहिजे, म्हणून तर घर उभं राहतं. सुरा वाकून भागत नाही. कमानीचा पाटा जन्मभर ट्रकखाली दबत आणि पुन्हा उभा राहत आलेला असतो. माघारी यायची सवय त्याच्या अंगातच असते.

तिचा नवरा कचरू होता तेव्हा तो सांडशीत लोखंड धरायचा आणि ती समोर उभी राहून घण मारायची. लोहाराच्या घरात घण बाईकडेच. चाळीस वर्षं तिनं मारला. त्या कामाचा एक नियम होता. सांडशी धरणारा लहान हातोडीनं टिचकी मारतो, तिथं घण पडला पाहिजे. हातोडी ऐरणीवर आडवी टेकवली की घण थांबला पाहिजे. आणि घण मारणारीनं बोलायचं नाही. मधे बोललं की ताल चुकतो, ताल चुकला की कुणाचं तरी बोट जातं. कचरूच्या हातून लोखंड जास्त तापलेलं तिनं कितीदा पाहिलं होतं, पण तोंडातून शब्द काढला नव्हता. सहा वर्षांपूर्वी कचरू गेला आणि सांडशी तिच्याकडं आली. घण राजनंदिनीकडं गेला, आणि घणाबरोबर तो नियमही.

सासू-सुनेनं मिळून दोन दिवसांत सुरा घडवला. वीतभर आणि वर चार बोटं पातं. पाठीला जाड, पोटाकडे निमुळतं, टोक किंचित वर उचललेलं. विळ्यासारखी पातळ धार ठेवली तर लाकडात तुटते आणि कुऱ्हाडीसारखी ठेवली तर कांदाही चिरत नाही. त्या दोन्हींच्या मधली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी द्यायचं ठरलं. नाव पाण्याचं, पण द्यायचं करडईच्या जुन्या तेलात. लालबुंद पातं तेलात गेलं की पोलाद कडक होतं, इतकं कडक की कानस त्याच्यावरून घसरते. पण ते काचेसारखं कडक असतं. तसंच वापरलं तर पहिल्या दणक्याला तुकडे. म्हणून मग ते विटकरीनं घासून चकचकीत करायचं आणि पाठीकडून हलकं हलकं शेकून त्याचा ताठा उतरवायचा. शेकताना पात्यावर रंग चढत जातात. पाठीला मोराच्या मानेचा निळा आणि धारेला मधाचा आला, की उचलायचं. एवढ्या एका गोष्टीसाठी लांब लांबून माणसं कचरूकडे येत. रंग ओळखायला त्यानं कधी कुणाला शिकवलं नव्हतं. सारजाबाई ऐरणीच्या पलीकडून बघून बघून शिकली होती.

आणि त्या संध्याकाळी मोतीबिंदूच्या डोळ्यांना मध दिसला होता. पातं नुसतं कोमटच असणार तेव्हा. कचरू असता तर सुरा द्यायच्या आधी बाभळीच्या गाठीवर तीन घाव घालून बघितला असता. पण डॉक्टरनं हिसका बसेल असं काही करू नका म्हणून बजावलं होतं, आणि अक्षताची सुट्टी संपली होती. सारजाबाईनं कानस घसरते ना एवढं पाहिलं, मनगटावरचे केस उडतात ना एवढं पाहिलं. मुठीला शिसवीच्या फळ्या बसवल्या आणि सुरा देऊन टाकला. केस तर काचेच्या तुकड्यानंही उडतात.

एवढं सगळं तिनं भोकरदनच्या एसटीत कल्याणला सांगितलं. खिडकीतून ऊन येत होतं. काळ्या चष्म्याच्या कडेनंही बांधावरचे पळस असे लालभडक दिसत होते, की इतकी वर्षं हे झाड असंच पेटत होतं आणि आपल्याला तपकिरी दिसत होतं, याचं एरवी तिला हसू आलं असतं.

"आमच्या लॅबमध्ये मशीन हाय," कल्याण म्हणाला. "ठोकून बघितलं का कडकपणा आकड्यात सांगती."

"आता मशीन कुठून आणू? फोन लाव तिला."

कल्याण मघापासून फोनच लावत होता. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. राजानंद सरांना लावला. "जय भीम सर, अक्षताचा फोन लागून नाही राह्यला." सर म्हणाले, ती तीन दिवस जाळरेषेच्या कामावर आहे, तिथं रेंज नसते, दुपारी जेवायला मजुरांबरोबर चौकीवर येते, काही निरोप आहे का. कल्याणनं आईकडं पाहिलं. आईनं मान हलवली. बापाला कशाला घोर लावायचा.

त्यानं मेसेज टाकून ठेवला. 'आजीने सांगितलंय, सुरा बिलकुल वापरू नको.' त्याच्यापुढं एकच टिक आली आणि तशीच राहिली.

"नंदाला फोन लावू का? तीबी व्हती ना भट्टीवर," कल्याणनं बायकोचं नाव काढलं.

"तिला काही सांगू नको."

"काऊन?"

"घण मारणारीला काय विचारायचं त्याच्यातलं," सारजाबाई म्हणाली. खरं कारण वेगळं होतं. पंचेचाळीस-शेहेचाळीस वर्षं विस्तवापुढं काढून आपण रंगाला चुकलो, हे सुनेला सांगायची तिची जीभ होईना. लुगड्यावरून तिला बोलली होती, ते तर अजून ताजंच होतं.

भोकरदनहून पुढं रिक्षा मिळाली. रस्त्यानं सारजाबाईला दिसत होतं ते असं, की पोरीनं ओंडक्यावर सुरा धरलाय, वरून दणका घातलाय, आणि पातं मधून तुटून उडालंय. तुटलेलं पोलाद गोफणीच्या दगडासारखं उडतं. कचरूच्या भुवईवर शेवटपर्यंत खूण होती. पोरीचा डोळा गेला तर? ह्या माझ्या उघडलेल्या डोळ्याचं मी मग काय करू?

चौकी म्हणजे एक पत्र्याची खोली, पुढं पाण्याची टाकी आणि एक लिंब. कुणीच नव्हतं. कल्याणनं आईला लिंबाखाली दगडावर बसवलं. अर्ध्या तासानं डोंगराच्या अंगानं पाच-सहा माणसं उतरताना दिसली. सगळ्यात मागं खाकी कपड्यातली अक्षता होती आणि तिच्या डाव्या हाताला पांढरं फडकं गुंडाळलेलं होतं.

सारजाबाई उठून उभी राहिली.

"आजी?" अक्षता जवळजवळ पळतच आली. "तुम्ही इथं कशा? आणि हा चष्मा काय, सिनेमातल्यासारखा?"

"हाताला काय झालं?"

"काही नाही ओ, तार लागली."

"सुरा कुठंय?"

"कमरेला आहे की."

"मोडला न्हाई?"

अक्षतानं कल्याणकडं पाहिलं. कल्याणनं खांदे उडवले. "मोडायला काय झालं आजी? अहो, तुम्हाला तर मी फोन करणारच होते. परवा नाल्यात फासा सापडला. रोह्याचं, म्हणजे नीलगाईचं पिल्लू अडकलं होतं, पाय सोलवटलेला. तारेचा खुंटा दगडांमध्ये असा ठोकलेला की हलेना. मग मी सुरा खाली घातला आणि वरून दगडानं पाठीवर मारलं. आठ-दहा दणके घातले असतील. खुंटा निघाला. पिल्लू सुटताना तार माझ्या हाताला लागली एवढंच."

"पाठीवर दगडानं?"

"हो. चूक झाली का? एवढी जाड पाठ तुम्ही ठेवली, मला वाटलं त्यासाठीच ठेवली."

"त्याच्यासाठीच ठेवली," सारजाबाई म्हणाली. "दे इकडं."

अक्षतानं कातडी म्यानातून सुरा काढून मुठीकडून तिच्या हातात दिला. सारजाबाई पुन्हा दगडावर बसली. तिनं आधी बोट फिरवलं. पाठीला दगडाचे ओरखडे होते. धारेला एक बारीकसा दात पडला होता, धार लावायच्या कुरणीवर दहा वेळा घासला की जाईल असा. मग तिनं काळा चष्मा कपाळावर सरकवला.

"माय, चष्मा," कल्याण म्हणाला.

"थांब."

तिनं सुरा लिंबाच्या सावलीत तिरका धरला आणि उजव्या डोळ्यानं पाहिला. मुठीच्या अलीकडं, नंतर धार लावताना जिथं कुरणी पोचली नव्हती तिथं, रंग जसेच्या तसे होते. पाठीला मोराची मान. तिच्या खाली जांभूळ. आणि अगदी धारेच्या काठाला मध, खरा मध, कचरूच्या हातचा असावा तसा. तिनं डावा डोळा लावून पाहिला, तर सगळं गढूळ पिवळं. पुन्हा उजवा. मध जागच्या जागी होता.

तिनं एवढा लांब श्वास सोडला की कल्याण तिचा खांदा धरायला पुढं झाला.

"चांगला हाय," ती म्हणाली. "लई चांगला हाय. पण हा मी केलेला न्हाई."

"आता काय सांगावं," कल्याण अक्षताला म्हणाला. "सकाळपासून असंच चाललंय."

"गप रे. इकडं बघ. भट्टीवर शेकलं का रंग असा लाटेसारखा चढतो, कुठं वर कुठं खाली. हा बघ कसा रेघ ओढल्यावानी सरळ हाय. हे भट्टीवरचं न्हाई. हे तव्यावरचं हाय."

"कशाच्या तव्यावरचं?"

"भाकरीच्या."

दुष्काळाच्या साली कोळसा मिळेना तेव्हा तिची सासू हेच करायची. भाकऱ्या झाल्या की तापलेल्या तव्यावर विळे पाठीवर उभे करून ठेवायची आणि रंग धारेपर्यंत चढला की उचलायची. पुरुषांना त्याची लाज वाटे, म्हणून कुणी बोलत नसे. सारजाबाईनं ही गोष्ट आयुष्यात एकदाच सांगितली होती. राजनंदिनी नवी लग्न होऊन आली तेव्हा, चुलीपुढं, असंच गमतीनं.

"फोन कुठं लागतो इथं?" तिनं विचारलं.

"टाकीच्या मागच्या टेकाडावर. पण तुम्हाला चढता..."

सारजाबाई चालायला लागली होती. एका बाजूनं कल्याण आणि दुसऱ्या बाजूनं अक्षता, अशी ती टेकाडावर पोचली. कल्याणनं फोन लावून स्पीकरवर टाकला.

"नंदा, मी बोलती."

"आत्या, पट्टी निघाली का? दिसतंय का बराबर? जेवलात का?"

"दिसतंय. लुगडं पांढरं हाय."

राजनंदिनी हळूच म्हणाली, "हिरव्या काठाचं हाय."

"ते बी दिसलं. मला एक सांग. अक्षताचा सुरा तू तव्यावर धरल्ता का?"

कल्याणनं रेंज गेली का म्हणून फोन हलवून पाहिला.

"धरल्ता," राजनंदिनी म्हणाली. "तुम्ही उचलला तव्हा तो नुस्ता पांढरा व्हता आत्या. रंगाचा पत्ताच नव्हता. तुम्ही म्हणलात, आला बघ मध. मला वाटलं माझंच चुकून राह्यलं. मंग तुम्ही हातपाय धुवायला गेल्या तव्हा दिव्याखाली नेऊन बघितला. पांढराच. मंग भाकरी झाल्यावर तवा होताच तापलेला."

"अन् मला काऊन सांगितलं न्हाई?"

"आठ दिवसांवर आपरेशन आल्तं तुमचं. कशाला मनाला लावून घ्यायचं आधीच. अन् तुम्हीच शिकवलंय ना, घण मारणारीनं बोलायचं नसतं."

"बोलायचं नसतं म्हणून गपचिप करून मोकळी झालीस."

"करायचं नसतं असं कुठं म्हणल्या व्हत्या तुम्ही?"

अक्षतानं तोंडावर हात धरला. कल्याण दुसरीकडं पाहू लागला. सारजाबाईच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते त्याला कळेना, कारण चष्मा पुन्हा नाकावर आला होता आणि त्याच्या खालून पाणी येत होतं. "माय, डोळ्याला त्रास होतोय का?" त्यानं विचारलं.

"न्हाई रे. धूळ हाय." मग फोनकडं तोंड करून ती म्हणाली, "नंदा, ऐक. पोरीनं त्या सुऱ्यावर दगडानं दहा घाव घातलेत. खुंटा उपटला त्यानं. पातं हललं न्हाई."

"खरंच?"

"मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. नव्या. धारेला मध कसा बसलाय सांगू तुला... तुझ्या सासऱ्याला इतका सरळ कधी जमला न्हाई."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आता रडू नको, भाकऱ्या करपतील. अन् उद्यापासून सांडशी तू धर. पाणी तू दे, ताठा तूच उतरव. मी खाटंवर बसून बघत जाईन."

"मंग घण कोण मारंल आत्या?"

सारजाबाईनं मान वळवून कल्याणकडं पाहिलं. राजनंदिनीला ते दिसलं नाही, पण कळलं असावं, कारण ती हसायला लागली.

"माझ्याकडं काऊन बघू राह्यली?" कल्याण म्हणाला. "घण बायकांकडं असतो लोहाराच्या घरात."

"रविवारी रिकामाच असतूस. बायकोच्या समोर उभं ऱ्हायचं, ती टिचकी मारंल तिथं घण टाकायचा."

"अन् बोलायचं न्हाई," फोनमधून राजनंदिनी म्हणाली.

"न्हाई," सारजाबाई म्हणाली. "बोलायचं. डोळ्याला दिसलं तर घण खाली ठेवायचा अन् बोलायचं. तो नेम मी मोडला आजपासून. मी बोलले असते तर तुझ्या सासऱ्याची भुवई वाचली असती."

"मंग मी आत्ताच बोलतो," कल्याण म्हणाला. "सकाळपासून पोटात अन्नाचा कण न्हाई."

चौकीत अक्षतानं पिठलं टाकलं. कांदे चिरायला बसली तेव्हा सारजाबाईनं चष्म्याआडून तिचा हात पाहिला. मूठ तळव्यात बरोबर बसली होती आणि अंगठा सुतळीच्या गाठीच्या जागीच टेकला होता. टाकीपाशी मजूर हातपाय धूत होते. त्यांच्यातल्या शिवाजी नावाच्या म्हाताऱ्यानं विचारलं, की बाई, असा सुरा मला करून मिळंल का.

"मिळंल की," सारजाबाई म्हणाली. "तीर्थपुरीला या. भट्टीवर आल्यावर राजनंदिनीला विचारा. मला न्हाई, तिला. अन् येताना हात घेऊन या, मोजावा लागतो."

"हात घरी कसा ठेवू?" शिवाजी म्हणाला.

परतीच्या एसटीत तिला भोकरदनच्या पुढंच झोप लागली. जालना जवळ आलं तेव्हा कल्याणचा फोन वाजला, म्हणून ती जागी झाली. अक्षताचा मेसेज होता. संध्याकाळी स्वतःचा फोन घेऊन टेकाडावर गेल्यावर तिला सकाळचा निरोप मिळाला होता. 'आजीने सांगितलंय, सुरा बिलकुल वापरू नको.' त्याच्याखाली तिनं लिहिलं होतं, 'मग उद्याचे कांदे आजी चिरायला येणार का?'

कल्याणनं वाचून दाखवलं. सारजाबाई जागेवरच हसली.

"काय लिहू?" त्यानं विचारलं.

"लिही, का कुरणीवर दहा वेळा घास. तो दात तेवढा काढून टाक." मग तिनं पदर डोक्यावर घेतला आणि खिडकीबाहेर पाहिलं. कारखान्यांच्या भट्ट्यांचा उजेड आभाळात पडला होता. तिनं एक डोळा मिटला, मग दुसरा.

"पुढच्या महिन्यात हा डावाबी करून टाकू," ती म्हणाली.